वाचकांचे प्रश्न : कुटुंबाची एसयूव्ही, घाट आणि डॅशबोर्डवरचे दिवे

या वेळी आलेल्या पत्रांत सात आसनी एसयूव्हीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. पत्रांमधली कंपन्यांची आणि मॉडेलांची नावं आम्ही गाळली आहेत, कारण यातल्या बहुतेक तक्रारी एकाच गाडीच्या नाहीत. ते तंत्र ज्या ज्या गाडीत आहे तिथे त्या दिसतात. खाली दिलेला एखादा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेशी जुळला नाही, तर पुस्तिकेतला आकडा धरा.

प्रश्न : 2022 ची डिझेल एसयूव्ही आहे. घर ते कंपनी सहा किलोमीटर, तेही सिग्नलचे. डीपीएफचा पिवळा दिवा सारखा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप लावून साफ करून देतात, महिन्याभरात पुन्हा तेच. त्यात आता डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. गाडी सदोष आहे का? (पिंपरी)

ऑइल वाढलेलं दिसतं ही तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी चाळणी बसली, ती डीपीएफ. चाळणी भरत आली की इंजिनाचा संगणक ती जाळून मोकळी करतो. त्यासाठी सिलिंडरमध्ये नेहमीच्या स्फोटानंतर थोडं जादा डिझेल सोडलं जातं, ते पुढे जाऊन एक्झॉस्टचं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतं आणि काजळी जळते. याला रीजनरेशन म्हणतात. तुमचा प्रवास सहा किलोमीटरचा. रीजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यावर असतानाच तुम्ही पार्किंगमध्ये गाडी बंद करता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी सोडलेल्या जादा डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून, पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरतो. डिपस्टिकवर वाढलेलं दिसतं ते हेच डिझेल.

असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोच्या दांड्याला पुरेसं धरून राहत नाही. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका, ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. थोडं काढून पातळी खुणेवर आणून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. उरलेलं ऑइलही पातळच असतं. नवीन ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच हवं, बहुतेक ठिकाणी ते एसीईए सी2 किंवा सी3 असतं. या ऑइलमध्ये राख कमी असते. काजळी जळते, राख जळत नाही; ती चाळणीत कायमची बसते. स्वस्तातलं साधं डिझेल ऑइल टाकलं तर चाळणीचं आयुष्य त्या राखेनेच संपतं.

आता दिव्याचं. दिवा नुसता पिवळा आहे, इंजिनाचा दिवा लागलेला नाही आणि गाडीची ओढ नेहमीसारखी आहे, अशा वेळी रस्त्यावर चाळणी साफ होऊ शकते. टाकीत निदान पाव भाग तरी डिझेल हवं, कारण इंधन कमी असलं की बऱ्याच गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत. इंजिन दहा मिनिटं नीट गरम होऊ द्या. मग जिथे थांबावं लागणार नाही अशा रस्त्याला लागा. तुमच्या भागातून जुन्या मुंबई महामार्गावर गेलात तर सिग्नल आडवे येतात. द्रुतगती मार्गाने उर्से नाक्याच्या पुढे लोणावळ्याच्या दिशेने जाणं बरं. नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवा, 2,000 ते 2,500 आरपीएम, वेग साठ ते ऐंशी, सलग वीस-पंचवीस मिनिटं. दिवा विझल्यावरही पाच मिनिटं तसंच चालवा.

रीजनरेशन चालू आहे हे दिव्याशिवायही ओळखता येतं. उभ्या गाडीचं आरपीएम 750-800 वरून 900-1,000 वर गेलेलं असतं, आपोआप इंजिन बंद करणारी यंत्रणा काम करत नाही, तात्काळ मायलेज एकदम पडलेलं दिसतं आणि गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. ही चिन्हं दिसत असताना घरी पोचलात, तर आणखी दहा-पंधरा मिनिटं एक फेरी मारून या. आणि अशा वेळी गाडी वाळक्या गवतावर मुळीच उभी करू नका. दिवाळीनंतर पठारांवर, शेताच्या बांधावर गुडघाभर वाळलेलं गवत असतं, आणि गाडीच्या पोटाखाली तापलेली चाळणी त्याला पेटवू शकते.

दिवा लाल झाला, किंवा इंजिनाचा दिवा लागून गाडी ओढ टाकायला लागली, तर मात्र महामार्गाचा उपाय करू नका. काजळी फार साचल्यावर ती एकदम पेटली तर तापमान आवरत नाही आणि आतली चिनी मातीची जाळी तडकते. तेव्हा गाडी वर्कशॉपलाच न्यायची.

गाडीत खरोखर दोष आहे का, हे ठरवायला वर्कशॉपकडून चार आकडे लेखी मागा : काजळीचा भार, राखेचा भार, शेवटच्या पूर्ण रीजनरेशननंतर गाडी किती किलोमीटर चालली, आणि इंजिन नुसतं चालू असताना चाळणीच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक. हे सगळं त्यांच्या स्कॅनरवर दिसतं. मिश्र वापरात दोन रीजनरेशनमध्ये साधारण तीनशे ते सहाशे किलोमीटरचं अंतर पडतं. लांबच्या प्रवासातही ते शंभराच्या आसपासच राहत असेल, तर तुमच्या वापराला दोष देऊन चालणार नाही. मग दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या (चिरलेली नळी खोटा आकडा देते), एक्झॉस्ट तापमानाचे सेन्सर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात वळवणारी झडप), गळका इंजेक्टर आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा फाटका पाइप, हे सगळं तपासायला लावा. नुसतं लॅपटॉप लावून जाळून देणं म्हणजे कारण तसंच ठेवणं. तिसऱ्यांदा तेच करून देत असतील, तर जॉब कार्डवर "कारण शोधावे" असं लिहून घ्या.

चाळणी काढून टाकून सॉफ्टवेअर बदलून देणारे गॅरेजवाले शहरात आहेत. ते बेकायदा आहे, त्या गाडीची वॉरंटी जाते आणि ती काजळी शेजारच्या स्कूटरवर बसलेल्या पोराच्या छातीत जाते. आम्ही तो सल्ला देणार नाही. रोजचा प्रवास खरंच सहा किलोमीटरचाच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोल, हायब्रिड किंवा विजेवरची घ्या.

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. आम्ही सात जण, टपावर कॅरिअर, गाडी ऑटोमॅटिक. शेवटच्या वळणांवर ब्रेक पॅडल एकदम नरम होऊन जवळजवळ तळाला गेलं. हँडब्रेकने गाडी थांबवली. अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत. सर्व्हिस सेंटरला काहीच सापडलं नाही. (सातारा)

गाडी थंड झाल्यावर तिथे काही सापडणारच नव्हतं. पॅडल नरम होऊन तळाला गेलं यावरून ब्रेक ऑइल उकळलं होतं असं जवळपास खात्रीने म्हणता येतं. पॅड नुसते तापले असते तर पॅडल टणक राहिलं असतं आणि दाबूनही गाडी थांबली नसती. हा फरक मेकॅनिकला मुद्दाम सांगा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140. ऑइल उकळलं की नळ्यांमध्ये वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल खाली जातं आणि चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि सगळं ठीक वाटतं.

उष्णता किती, याचा हिशेब करून पाहा. अडीच टनांची भरलेली गाडी बाराशे मीटर खाली आणली की साधारण 8 युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. त्यातली काही टायर आणि हवा खातात. उरलेली इंजिनाने अडवली नाही तर सगळी चार ब्रेकांवर येते. डी मध्ये ठेवून पाय ब्रेकवर ठेवत उतरलं की इंजिन फारसं काही अडवत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही मॅन्युअल मोड, एल किंवा स्टिअरिंगमागच्या वजा खुणेच्या पट्ट्या असतात, त्या घाटासाठीच आहेत. जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक वळणांवर दुसरा. आरपीएम तीन हजारांच्या आसपास जाऊन आवाज वाढला तर घाबरू नका, इंजिनाला त्याने काही होत नाही. ब्रेक सतत चोळत राहू नका. वेग वाढला की दोन-तीन सेकंद ठाम दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. न्यूट्रलवर उतरणं हा जिवाशी खेळ आहे, डिझेल वाचवण्यासाठी तर अजिबातच नको. गिअरमध्ये पाय उचलला की आजच्या इंजिनात इंधन तसंही तोडलेलं असतं.

आता गाडीवर करायचं काम. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, चारही चाकांना ब्लीड करून, म्हणजे नळ्यांमधलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून. टाकीतलं वरवर बदलून उपयोग नाही, कारण उकळतं ते कॅलिपरजवळचं. एबीएसच्या गाडीत काही ठिकाणी हे काम स्कॅनर लावून करावं लागतं. किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, दर दोन वर्षांनी हे व्हायलाच हवं. कोकणात राहणाऱ्यांनी तर टाळूच नये. पॅडचा थर 3 मिलिमीटरवर आला असेल तर बदला, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे लवकर जाते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्निअरने मोजायला सांगा. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत का हे पाहायला लावा. एक जाम पिन एकाच चाकाला सतत घासत ठेवते. खाली उतरल्यावर चाकांवर पाणी मारायची सवय अनेकांना असते. तापलेली डिस्क वाकडी होते, मग पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, वाऱ्याने गार होऊ द्या.

आणि वजन. सात माणसं सरासरी 65 किलोंची धरली तर 455 किलो, प्रत्येकी 15 किलो सामान म्हणजे आणखी 105. कॅरिअर वेगळा. पुस्तिकेत गाडीचं कमाल वजन आणि टपावरचं कमाल वजन (बहुतेक ठिकाणी कॅरिअर धरून 50 ते 75 किलो) दिलेलं असतं, ते एकदा बघा. टपावरच्या वजनाने उंच गाडीचा तोल आणखी वर जातो, वळणावर ते नको.

प्रश्न : एअरबॅगचा लाल दिवा अधूनमधून लागतो आणि आपोआप जातो. नवीन सीट कव्हर घातल्यापासून हे सुरू झालं असं वाटतं. चालवायला हरकत नाही ना? (नाशिक)

हरकत आहे. इग्निशन दिल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो चालू राहिला, तर यंत्रणेने स्वतःत बिघाड नोंदवला आहे, आणि टकरीत एअरबॅग उघडतील याचा भरवसा उरत नाही. अनेकदा बेल्ट आवळणारी यंत्रणाही त्याच साखळीत असते. दिवा मुळीच लागत नसेल तर तेही वाईट. जुन्या गाडीत दोष झाकण्यासाठी दिव्याची जोडणीच काढलेली असू शकते.

तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे प्लग असतात, बाजूच्या एअरबॅगचे आणि बेल्टचे. कव्हर घालताना सीट पुढे-मागे ओढली, किंवा व्हॅक्यूमचा पाइप घातला, की ते सैल होतात. पण स्वतः हात घालू नका. बॅटरीचं ऋण टोक काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्या वायरींना हात लावायचा नसतो, आणि नोंद झालेला कोड स्कॅनरने पुसावाच लागतो. दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडत असतील, तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरतानाही वायरी जोडलेल्या ठेवणारी गुंडाळी) तुटत आली आहे; ती बदलावी लागते, डागडुजी करून भागत नाही.

कव्हरचंही बघा. सीटच्या बाहेरच्या कडेला "एअरबॅग" असं लेबल असेल तर बॅग त्या शिवणीतून बाहेर येते. तिथे जाड रेक्झिन घट्ट ताणून शिवलं असेल, तर बॅगला वाट मिळत नाही. बाजूला उसवणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या किंवा काढून टाका. समोर लोखंडी गार्ड लावला असेल तर तोही काढा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि टकरीचा धक्का चेसिसला वेगळ्याच रीतीने पोचवून तो सेन्सरचा हिशेब बिघडवतो.

प्रश्न : पाच तारे मिळालेली सात आसनी गाडी घेतली आहे. मुलगी दोन वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. आजी-आजोबांना मधल्या ओळीत बसवून मुलांना मागे बसवलं तर चालेल का? (ठाणे)

नको. ताऱ्यांनी तिसऱ्या ओळीची खात्री मिळत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या टक्कर-चाचणीत गाडी 64 किमी वेगाने समोरून अडथळ्यावर आदळवतात, 50 किमी वेगाने बाजूने धडक देतात. पाच ताऱ्यांसाठी मोठ्यांच्या सुरक्षेत 32 पैकी 27 आणि मुलांच्या सुरक्षेत 49 पैकी 41 गुण लागतात. पण त्या टकरींत मुलांचे पुतळे, दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा, मधल्या ओळीत बसवलेले असतात. तिसऱ्या ओळीत पुतळा बसवून टक्कर घेत नाहीत. त्या ओळीत बसणाऱ्याचं डोकं मागच्या काचेपासून बऱ्याच गाड्यांत वीतभर अंतरावर असतं, आणि मागून ट्रकने धडक दिली तर चुरडायला मध्ये फारसं काही नसतं.

दोन्ही मुलं मधल्या ओळीत दोन खिडक्यांशी बसवा. मुलीची सीट आयसोफिक्सच्या (मुलांची सीट थेट अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्ये दिलेल्या) दोन कड्यांना आणि वरच्या टेदरला (वरून मागे ओढून धरणाऱ्या पट्ट्याला) अडकवा. टेदरचा हूक बहुतेक सीटच्या पाठीमागे खाली असतो. सामान बांधायच्या कडीला चुकून अडकवलेला अनेक गाड्यांत दिसतो. बसवून झाल्यावर मुलीची सीट जिथे अडकवली आहे तिथे धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. छातीवरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे, आणखी ओढा. मुलाला बूस्टर (बसायची उंची वाढवणारी बैठक) द्या, उंची 135 सेंटिमीटर होईपर्यंत तरी. बेल्ट मानेवरून नव्हे, खांद्याच्या मध्यावरून आणि पोटावरून नव्हे, मांडीच्या मुळावरून गेला पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बांधलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब खाली एक हजार रुपये दंड आहे.

आजी-आजोबांपैकी एकाला पुढे बसवा, दुसऱ्यांना मधल्या ओळीत मधल्या जागी, तिथे तीन बिंदूंचा बेल्ट असेल तर. मागे कुणाला बसवावंच लागलं तर प्रौढ माणूस बसवा, उशी डोक्याच्या मागे येईल इतकी वर करा आणि बेल्ट लावायला लावा. मागच्या सीटवर बेल्ट न लावणं काय करतं, हे 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघातात साऱ्या देशाने पाहिलं. त्या महागड्या एसयूव्हीत मागे बसलेले दोघेही गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले.

प्रश्न : नागपूरहून समृद्धीने इगतपुरीपर्यंत जातो. टायर फुटण्याच्या बातम्यांनी घरचे धास्तावले आहेत. नायट्रोजन भरला तर धोका कमी होतो का? (नागपूर)

नायट्रोजनने दाब जरा सावकाश उतरतो, एवढंच. धोका कमी होतो तो दाब बरोबर असल्याने. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि तापून त्याचे थर सुटतात. समृद्धीवर हे होतं कारण तिथे तासन् तास वेग कमी होत नाही.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दोन वेगळे आकडे असतात, आणि भरलेल्या गाडीत मागच्या चाकांना जास्त हवा लागते. लोक वर्षभर एकच आकडा भरतात. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरा. वाटेत गरम टायरमध्ये तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतील, ते काढू नका. टीपीएमएसच्या (टायरच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत दाब वीस-पंचवीस टक्के उतरल्यावरच तो लागतो.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा वर्षांपुढचा टायर या रस्त्याला नको. विदर्भातल्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा तर पाचव्या वर्षीच काढावा. बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर टायर त्याच दिवशी बदला, पंक्चरवाला काही म्हणाला तरी. स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते, तिची हवा कुणी बघत नाही. ती लहान मापाची असेल तर वेग ऐंशीपुढे न्यायचा नाही.

दर दोन तासांनी थांबून तळहात टायरच्या जवळ आणून चारही टायर तापण्यात सारखे आहेत का ते बघा. एकच जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक घासतोय. टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग पन्नासखाली आला की मग हलका ब्रेक आणि कडेला.

प्रश्न : सनरूफ बंद असूनही पावसात छताच्या कडेने पाणी येतं. रबर बदललं, फरक नाही. (रत्नागिरी)

रबर पाणी पूर्ण अडवत नाही, ते त्याचं कामही नाही. काचेभोवती पन्हळ असते आणि तिच्या चार कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली उतरतात. त्या धुळीने, पानांनी तुंबल्या की पाणी छताच्या कापडात. कोपऱ्यात ग्लासभर पाणी हळू ओता. काही सेकंदांत चाकाजवळ खाली पडायला हवं. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्राची दीड-दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी वरून अलगद सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग छत उतरवावं लागतं. पायाखालचा गालिचा उचलून ओल बघा. तिथे वायरिंग आणि अनेक गाड्यांत विजेची मुख्य पेटी असते, आणि पावसाळ्यानंतर सुरू होणारे दारांचे, दिव्यांचे विचित्र बिघाड तिथूनच येतात. हे काम दर वर्षी मे महिन्यात.

प्रश्न : स्टिअरिंग चालत्या गाडीत जड होतं, दिवा लागतो, इंजिन बंद-चालू केलं की ठीक. चार वेळा दाखवलं. "प्रॉब्लेम आढळला नाही" म्हणून परत देतात. वॉरंटीचे पाच महिने उरलेत. पुढे काय करायचं? (छत्रपती संभाजीनगर)

आधी पुरावा जमवा. फोन डॅशबोर्डकडे असा रोखा, की त्यात दिवा, वेग आणि ओडोमीटर एकत्र दिसतील. तो शेजारी बसलेल्याने धरावा. तारीख, किलोमीटर, ऊन की पाऊस, वेग, वळताना की सरळ, हे वहीत लिहा. दिवा लागलेला असताना इंजिन बंद न करता जवळच्या सर्व्हिस सेंटरला जाता आलं तर जा. चालू बिघाडाचा कोड स्कॅनरवर स्पष्ट मिळतो. विद्युत स्टिअरिंगमध्ये असा येता-जाता दोष बहुतेक कमजोर बॅटरी, गंजलेली अर्थिंग, सैल प्लग किंवा टॉर्क सेन्सर यांचा असतो. म्हणून बॅटरीची लोड चाचणी आणि अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप मोजायला सांगा.

जॉब कार्डवर "स्टिअरिंग तपासणे" असं मोघम लिहू देऊ नका. "40 किमी वेगाला स्टिअरिंग एकदम जड, लाल दिवा, चौथी वेळ" असं लिहून घेऊन सही करा आणि प्रत ठेवा. वॉरंटी चालू असताना लेखी नोंदवलेली तक्रार वॉरंटी संपल्यावरही मांडता येते, तोंडी सांगितलेली मांडता येत नाही. तीच तक्रार कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने पाठवा, सगळ्या जॉब कार्डांच्या फोटोंसह.

मग आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या (दोष असलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या) पानावर टाकून बघा. रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी आणि गाडी दुसऱ्या हातातली असली तरी फुकट असतं. जुन्या गाडीला तर हे आवर्जून करा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेटचा दारूगोळा वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहून बिघडतो आणि उघडताना धातूचे तुकडे उडवतो. होंडासकट काही कंपन्यांनी भारतातही त्या बदलून दिल्या, पण पत्ता बदललेल्या किंवा दुसऱ्याकडून गाडी घेतलेल्या मालकांपर्यंत पत्रं पोचतातच असं नाही.

तुमच्यासारखा दोष इतरांनाही असेल तर त्याची नोंद सरकारकडे व्हायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या 110अ कलमाखाली, एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, सात वर्षांखालच्या गाडीच्या सुरक्षेच्या दोषाची तक्रार वाहन पोर्टलवर करता येते. तक्रारी ठराविक संख्येला पोचल्या की मंत्रालय चौकशी करून सक्तीचा रिकॉल लावू शकतं, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. म्हणून "एकट्याच्या तक्रारीने काय होणार" असं म्हणू नका. मोजणी एकेका तक्रारीनेच होते.

ग्राहक म्हणून 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपनीचं उत्तर बऱ्याचदा तिथेच येतं. नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीला मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तिथेच अर्ज होतो, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, वकिलाशिवायही चालतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्जात तज्ज्ञ तपासणीची मागणी स्पष्ट लिहा, कारण दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दरम्यान बाहेरच्या गॅरेजमध्ये स्टिअरिंगची जोडणी उघडू देऊ नका; नंतर तेच कारण तुमच्याविरुद्ध पुढे केलं जाईल. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्या आणि वॉरंटीत तो कंपनीकडे जाणार असेल तर त्याच्या नंबराचा फोटो काढा.

तोवर ही गाडी घाटात किंवा रात्री महामार्गावर नेऊ नका. शहरात चालवताना स्टिअरिंग जड झालं तर ते जाम झालेलं नसतं, फक्त मदत गेलेली असते. दोन्ही हातांनी जोर लावून वळतं. वेग कमी करा, इंडिकेटर द्या, पूर्ण थांबल्यावरच इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा.